दुसऱ्या रांगेतून ऐकलेलं स्तोत्र

३ नोव्हेंबर

मास्तर हो म्हणाले! चक्क हो! "इतकी वर्षं माझ्या वाद्यवृंदाच्या प्रती उतरवतेयस, एकदा स्वतःचं काहीतरी उतरव की." डिसेंबरच्या कार्यक्रमाचा शेवट माझा. अर्थात त्यांच्या पसंतीस उतरलं तर.

स्तोत्र कुठलं ते ठरलेलंच होतं. आमच्या क्वायरचं, म्हणजे गायकवृंदाचं, लाडकं. चार आवाजांचं, दीडशे वर्षांपूर्वीचं, सगळे उमाळे आणि हुंदके. दोन वर्षांपूर्वी ताईने क्वायर सोडला आणि मागोमाग सगळेच पांगले. का सोडला विचारलं तर म्हणे, "कंटाळा आला." तिला कंटाळा आला आणि आमचं गाणं बंद! आता गायला माणसं नाहीत ना, मग वाद्यांनी गावं. फ्लूट, क्लॅरिनेट, हॉर्न, व्हायोलिनं. एकाही गळ्याची मिनतवारी नको.

४ नोव्हेंबर

ताईला फोनवर सांगितलं. तर म्हणे, "शब्दांशिवाय स्तोत्र? उरलं काय मग त्यात?" आणि वर, "तो लांब सूर कोण धरणार?"

म्हणजे *तिचा* सूर. मधल्या भागात वरच्या आवाजाने एकच सूर धरून ठेवायचा आणि खाली आम्ही बाकीच्यांनी फिरत राहायचं. ताई तो एका दमात न्यायची. लोक तेवढ्यासाठी यायचे, हे खरं आहे. पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, बाईसाहेब! दाखवतेच आता.

९ नोव्हेंबर

जेवणाचं टेबल कागदांनी भरलंय. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो. हे म्हणाले, "पुढच्या जन्मी हॉर्न होऊन येतो, म्हणजे टेबलावर जागा मिळेल."

शब्द काढल्यावर गंमत होते. एकाच सुरावर पाच अक्षरं असली की गाताना छान वाटतं. क्लॅरिनेटने तेच पाचदा वाजवलं की कोणीतरी दार ठोठावतंय! पाचही सूर जोडून टाकले.

१४ नोव्हेंबर

झालं! फर्मास झालंय. स्वतःच स्वतःची पाठ थोपटून घेतली, हात पोचला तेवढी.

२१ नोव्हेंबर

फजिती. पहिली तालीम, आणि चालच ऐकू येईना! फ्लूट वाजवणारे आमचे दंतवैद्य थांबून म्हणाले, "बाई, मी वाजवतोय की नुसता फुंकतोय?" वरच्या आवाजाला मी बिचारी एक फ्लूट दिली होती, तीही खालच्या, मऊ सुरांत. आणि मधल्या आवाजाला? दोन क्लॅरिनेट, हॉर्न, आणि व्हायोलिनचे थोरले भाऊ, सगळे व्हायोला!

मास्तरांनी छडी खाली ठेवली. "हे स्तोत्र तू कुठे उभी राहून ऐकलंस गं?"

"दुसऱ्या रांगेत. मधल्या आवाजांत."

सगळे हसले. मास्तर तर डोळे पुसायला लागले. मीही हसले, पण कान तापले होते. पुढच्या शुक्रवारपर्यंत दुरुस्त झालं नाही तर कार्यक्रमातून गच्छंती.

२२ नोव्हेंबर

दिवसभर तेच डोक्यात. मी वरचा आवाज कायम पाठीमागून ऐकला. ताई पुढच्या रांगेत, आणि मला दिसायचा तिचा अंबाडा. समोर बसलेल्यांना हे गाणं कसं ऐकू येतं, मला ठाऊकच नाही! आणि त्यांना माझी मधल्या आवाजाची ओळ ठाऊक नाही. किती सुंदर आहे ती!

हे म्हणाले, "मग एकदा खुर्चीत जाऊन बस ना." तालमीच्या खोलीत शेवटच्या खुर्चीवर बसून सगळं डोक्यात पहिल्यापासून वाजवलं. वरची चाल व्हायोलिनांना दिली. जीव तुटला, पण दिली. लांब सूर तेवढा फ्लूटकडेच राहिला. फक्त लांब सुराखाली माझी ओळ एकट्या क्लॅरिनेटकडे ठेवली. तिथे कोणाच्या बापाचं ऐकणार नाही.

२८ नोव्हेंबर

मास्तर: "हां. आता गाणं झालं." क्लॅरिनेटच्या ओळीला नुसती मान डोलावली. तरले!

पण लांब सूर! दंतवैद्यांचा चेहरा वांग्यासारखा झाला. "बाई, माझ्या छातीला तळ आहे हो!" मी हट्टाला पेटलेली. ताईला जमतं तर यांना का नाही? शेवटी मास्तर म्हणाले, "अगं, वाटून दे." फ्लूटचा श्वास संपायच्या आत ओबोने हळूच शिरायचं, त्याचा संपत आला की व्हायोलिनने. तीनदा केलं. तिसऱ्यांदा सांधा मलाही सापडला नाही.

६ डिसेंबर

मास्तरांनी आज एकदाही शिवी हासडली नाही. काळजी वाटतेय.

१३ डिसेंबर

काय लिहू! सभागृह भरलेलं. जुन्या क्वायरमधले कितीतरी जण आलेले, आणि ताई, अगदी पुढच्या रांगेत. मी शेवटच्या खुर्चीत. तो लांब सूर सुरू झाला, तीन हातांतून गेला आणि कुठेही तुटला नाही. खाली माझी ओळ चालत राहिली. आयुष्यात पहिल्यांदा ती मला समोरून ऐकू आली. रडले. खुशाल रडले!

टाळ्या थांबेनात. मास्तरांनी मला हाताला धरून वर ओढलं. दंतवैद्य ओरडले, "पुढच्या वर्षी फ्लूटला जास्त द्या!" जिंकले, जिंकले, जिंकले! ताई मात्र न भेटताच निघून गेली. जाऊ दे. जळू दे.

१४ डिसेंबर

सकाळी दारात ताई. चपला न काढताच म्हणाली, "तो सूर तिघांत वाटलास ना?" मी ऐटीत हो म्हटलं. तर तिचे डोळे भरले. "मला तो एका दमात नेता येईनासा झाला गं. म्हणून सोडलं. वाटून घेता येतो हे मला सुचलंच नाही." मग नाक पुसून, "वरचं आता जमत नाही. मला तुझी ओळ शिकव."

टेबल मोकळं केलं. शिकवतेय.