मुरमाचा गणपती

इंदूर, २ जून १९५८
सकाळपासून पित्त. टेकडीवरच्या नव्या कॉलनीचा लेआउट साहेबांकडून परत आला. मी घातलेल्या तिन्ही कंडिशन लाल पेन्सिलीनं उडवलेल्या. नाल्याच्या दोन्ही काठांना गवताची पट्टी सोडावी. पावसाआधी उतारावर चर खणावेत, गाळ बसायला खड्डा करावा. चौमासात टेकडी खोदू नये. एवढंच मागितलं होतं, सोन्याची कौलं नव्हती मागितली.
साहेब म्हणाले, "दिघे, नियम दाखवा. संस्थानाचे नियम संस्थानाबरोबर गेले, भोपाळचे अजून आले नाहीत. बीच में तुम्ही कोण?"
बीच में मी ओव्हरसियर. टेकडीखाली तळं आहे, सगळी माती तिथेच जाणार. हे सांगायला नियम कशाला लागतो?

११ जून
साइटवर गेलो. कॉलनीवाल्या मोहनशेठनं अर्धी टेकडी कापून ठेवली आहे. नुसता उघडा मुरूम, एक झुडूप शिल्लक नाही. चर तरी खणा म्हटलं, तर त्यानं माझ्यासाठी खुर्ची मागवली. पोहे मागवले. "अरे भिया, काहे को जी जलाते हो? पानी है, बह जाएगा."
पोहे चांगले होते. त्याचाच जास्त राग आला.

२९ जून
रात्री पाऊस चांगलाच झोडपून गेला. सकाळी नाला चहाच्या रंगाचा. तळ्याच्या घाटाजवळची विहीरही गढूळ झाली. आळीतल्या बायका फडक्यातून गाळून पाणी नेत होत्या. सुमननं कळशी ओट्यावर आपटली. "हे नेऊन पाजा तुमच्या ऑफिसातल्यांना!"
ऑफिसातल्यांना म्हणजे मलाच की. प्यालो. दाताखाली कचकच.
साहेबांना सांगितलं. म्हणाले, बारिश के बाद देखेंगे. वरातीमागून घोडं.

२० ऑगस्ट
तळ्यात मागच्या वर्षी जिथे पोरं सूर मारत होती तिथे आज म्हैस उभी. पाणी तिच्या गुडघ्याला.
साहेबांना तळ्याबद्दल तिसरी चिठ्ठी दिली. पालथ्या घड्यावर पाणी. या वेळी मात्र साहेब चिडले नाहीत, उलट गोड बोलले. "गौतमपुऱ्याला ओव्हरसियरची जागा खाली आहे, दिघे. हवापाणी छान आहे तिथलं."
समजलो. अण्णांचा दमा त्यांना ठाऊक आहे. रात्री-अपरात्री धावत येणारा डॉक्टर इथे आहे, तिथे कोण? वडिलांना मारून तळं वाचवायचं का मी?

१४ सप्टेंबर
गणपती दोन दिवसांवर. आमच्या घरी मूर्ती विकत आणत नाहीत. अण्णा तळ्यातल्या काळ्या मातीची करतात, त्यांचे वडीलही करत. आज कोणाला न सांगता फावडं घेऊन एकटेच गेले. सुमन ओरडली म्हणून मी मागून धावलो.
घाटाखाली ओणवे होऊन खणून राहिले होते. छाती भात्यासारखी. हातभर खणलं तरी मुरूमच.
"अरे, इथली माती कुठे गेली?"
"खाली आहे, अण्णा. वर टेकडी येऊन बसली."
सु. म्हणाली, यंदा बाजारातून आणू. अण्णा म्हणाले, "आणशील. पण तळ्यातला तळ्यात जातो, बाजारातला कुठे जाईल?" शेवटी तीच मुरमाड माती चाळून घेतली.

चतुर्थी
मूर्तीच्या पोटाला भेग गेली. उजवा हात सकाळी पाटावर पडलेला. अण्णांनी कणकेनं चिकटवला. "अजून प्राणप्रतिष्ठा झाली नाही, चालतं," म्हणाले. कोपऱ्यातल्या घमेल्यात, ओल्या फडक्याखाली, गेल्या वर्षीच्या काळ्या मातीचा मूठभर गोळा उरला आहे. त्याला त्यांनी हात लावला नाही.
आरतीला आळी जमली. सगळ्यांनी मूर्ती पाहिली आणि घाईनं टाळ उचलले. बोलले असते तर बरं झालं असतं.
जेवताना अण्णांनी विचारलं, "टेकडीच्या दुसऱ्या भागाचा नकाशा सहीला तुझ्याकडेच यायचाय ना?"
"हो."
"मग?"
मी मोदक खात राहिलो.

अनंत चतुर्दशी
फार वाईट दिवस.
गणपती घेऊन घाटावर. पाणी घोट्याएवढं. चालत चालत पार मध्यावर गेलो, तरी घोट्याच्या वर येईना, पाय मात्र चिखलात रुतत होते. तिथेच ठेवला. पाणी त्याच्या मांडीपर्यंत. "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणून वळलो, तर हा आपला बसलेलाच. आळीतले बाकीचेही तसेच, ओळीनं. मंडळाचा मोठा गणपती पोरांनी बांबूनं ढकलून उताणा पाडला. बघवेना. शरमेनं मान खाली गेली.
मोहनशेठ अनवाणी, हात जोडून उभा. मनापासून जोडलेले. मग माझ्या कानाशी: "भिया, अगले साल तो यहाँ प्लॉट निकल जाएँगे." खुशीत बोलला, मला टोचायला नाही.
अण्णांनी ऐकलं. घरी आल्यावर पायऱ्या चढवेनात, उचलून वर नेलं.

३० सप्टेंबर
दुसऱ्या भागाचा नकाशा आला. तळ्याच्या जागी 'पडीत जमीन', तिच्यावर प्लॉटांच्या रेघा. आधी बुजवायचं आणि मग पडीत म्हणायचं, वा रे वा!
साहेब म्हणाले, "उद्या सही पाहिजे. कंडिशन-बिंडिशन काही नको. नाहीतर गौतमपुऱ्याची ऑर्डर टाइप होऊन पडली आहे."
सु.ला सांगितलं. ती नुसती अण्णांच्या खोलीकडे बघत राहिली. आत डॉक्टर सुई देऊन नुकताच गेला होता.
जाऊन बसलो. साहेबांचं सगळं सांगून टाकलं, गौतमपुऱ्याचंही. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. मग कोपऱ्यातल्या काळ्या मातीच्या घमेल्याकडे बोट केलं. फडकं वाळत आलेलं.
म्हटलं, "एवढ्याशा मातीचं काय होणार, अण्णा?"
"पुढच्या वर्षी लहान करू गणपती," म्हणाले. थांबून श्वास घेतला. "सोडायला तेवढं पाणी ठेव."
फडकं भिजवून परत घातलं. नकाशा घरी आणलाय, टेबलावर आहे. सही केलेली नाही. अण्णांना आत्ता कुठे झोप लागली आहे.