हिरवी चिठ्ठी

मंगळवार, संध्याकाळी सात. कळव्याची खोली.

उद्या वॉर्डात कुठल्या तोंडाने जाऊ?

काल बेड चौदाच्या आजोबांची घरची औषधं आजींनी पिशवीत घालून आणलेली. दोन पाकिटं, दोन कंपन्यांची नावं आणि आत औषध एकच, रक्त पातळ करणारं. म्हणजे आजोबा घरी रोज दुप्पट डोस घेत होते, आणि वॉर्डातही तेच चालू होतं. मला दोन मिनिटांत कळलं. मग मी काय केलं? हिरव्या चिठ्ठीवर लिहिलं, केसपेपरला टाचलं आणि निघाले. डॉक्टर आम्हा फार्मासिस्टांची चिठ्ठी किती तासांत वाचतात, हाच तर माझा रिसर्च. तोंडी सांगितलं असतं तर केस बाद झाली असती.

केस!

आज दुपारी आजोबांना रक्ताची उलटी झाली. आयसीयूत नेलंय. हिरवी चिठ्ठी केसपेपरला तशीच टाचलेली, कुणी वाचलेलीच नाही. माझ्या गाईड मॅडम म्हणतात, "अगं, तू लेखी कळवलेलंस, तुझी काय चूक?" लेखी! डॉक्टर दहा पावलांवर चहा पीत होते. आणि मी चिठ्ठीवर वेळ टाकत होते, दहा वाजून वीस.

आयसीयूबाहेर आजींनी माझा हात धरला. वाटलं, आता शिव्या देतील. द्यायला हव्या होत्या. त्यांनी कमरेची पिशवी सोडली. "पोरी, या माझ्या गोळ्या. तू एकटीनंच नीट इचारलंस आमाला. ह्या पन बघ ना गं."

पिशवी समोर टेबलावर आहे. गाठ सोडायचा धीर होत नाहीये.