भुताला दहापैकी चार

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

सकाळी साडेदहाला मी भूत म्हणून बाजारात आले. वेदिकाचा गेम विक्रीला लागला — ‘बुडीत’. सूनबाई आणि तिची मैत्रीण श्वेता, दोघींनी आमच्या वरच्या खोलीत बसून दोन वर्षं खपून केला. धरणात बुडालेल्या गावात एक मुलगी आपलं घर शोधत फिरते, आणि पाण्यातून एक बाई तिच्याशी बोलते. ती बाई मी. म्हणजे आवाज माझा.

खरं तर पुण्याची एक नटी येणार होती. ऐन वेळी तिला मालिका मिळाली. वेदिका म्हणाली, “आई, तात्पुरतं तुम्ही वाचून द्या, मग बदलू.” ते ‘मग’ काही आलं नाही. मी सव्वीस वर्षं बस स्टँडवर गाड्या पुकारल्या, मला माइकची कसली भीती? एकशे बारा वाक्यं एका दुपारीत वाचली. एकदाही अडखळले नाही.

आणि गोष्टसुद्धा माझीच. कुहीकडच्या एका गावातली रंभाबाई. गाव उठलं तेव्हा सगळे ट्रकमध्ये बसले, ही बसली नाही. घरात आतून कडी लावून राहिली आणि पाणी चढलं. मला एका कंडक्टरनं चौकशीच्या खिडकीत सांगितलं होतं. मी वेदिकाला सांगितलं, तिनं वहीत उतरवून घेतलं. नावही तेच ठेवलं. या घरात येऊन तीन वर्षं झाली तिला. माझं बोलणं लिहून घ्यावंसं वाटण्याची ही पहिलीच वेळ. गेम सुरू होताना मोठ्या अक्षरांत येतं — सत्यघटनेवर आधारित.

हे इतवारी बाजारातल्या आपल्या दुकानात निघताना म्हणाले, “भूत तर झाली, आता भाजीत मीठ बेतानं टाकत जा.”

शनिवार, ८ नोव्हेंबर

अजून कोणी काही लिहिलेलं नाही. वेदिका जेवली नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

पहिलं परीक्षण आलं. इंग्रजीत आहे. वेदिकानं जिन्यातच उभं राहून वाचून दाखवलं. चित्रं देखणी. गोष्ट आतून हलवणारी, आणि खरी असल्यामुळे जास्तच. दहापैकी आठ.

मग ती थांबली. मी म्हटलं, वाच ना पुढे.

“भुताला चार दिलेत, आई.”

“भुताला वेगळे मार्क असतात का?”

“नसतात. यांनी मुद्दाम दिले.”

कारण असं लिहिलंय — हे भूत घाबरवत नाही, माहिती देतं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

एका मुलानं गेम खेळतानाचा व्हिडिओ टाकलाय. पुण्याचा असावा. भूत म्हणतं, “मी इथेच आहे. तू खाली ये.” त्यावर हा म्हणतो, “काकू अशा बोलल्या की मी सामान घेऊन फलाटावरच जाणार होतो.” मग इतका हसला की कानावरचे हेडफोन काढून ठेवले. दोन लाख लोकांनी पाहिलं!

त्याला कसं कळलं? मी कुठे सांगितलं होतं मी स्टँडवर होते म्हणून?

शेजारच्या कांताबाईंनीही पाहिला. कुंपणापाशी उभ्या राहून म्हणाल्या, “मले तर आवडलं, वंदनाबाई. बिलकुल भेव नाही वाटलं.”

दुपारी एकटीनं सगळी वाक्यं पुन्हा ऐकली. इथे खोटं कशाला लिहू — पुकारतेच आहे मी. वाक्य संपताना सूर वर जातो, प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी, तसा. पाण्यात बुडून मेलेली बाई अशी बोलत नसणार.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आज भीतीदायक बोलायचा सराव केला. स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. आवाज खाली नेला, श्वास जास्त सोडला, ‘ये’ लांबवलं. तिसऱ्या वेळी बरं जमलं असं वाटलं. बाहेर येऊन पाहते तर सिलिंडरवाला भरलेलं सिलिंडर पायरीवर ठेवून, रिकामं न घेताच निघून गेलेला.

संध्याकाळी कांताबाई विचारायला आल्या — घरात कोणाची तब्येत बरी नाही काय?

शनिवार, १५ नोव्हेंबर

वेदिकानं आज स्वतःहून चहा केला, आलं घालून. तेव्हाच समजले.

“आई, आवाज बदलावा लागेल. सगळ्या परीक्षणांत तेच येऊन राहिलं. मुंबईत एक बाई आहे, ती भुतांचेच आवाज करते.”

मी म्हटलं, “बदल ना. तात्पुरताच होता.”

अगदी सरळ सुरात म्हटलं. तोच सूर, ज्यात मी गाडी रद्द झाल्याचं सांगत असे. तिनं माझ्याकडे पाहिलं, कप उचलला, परत ठेवला.

“पण गोष्ट तुमचीच आहे. सगळे गोष्टीचीच तारीफ करून राहिले.”

ती वर गेल्यावर कालचीच स्वच्छ भांडी मी पुन्हा घासली. सव्वीस वर्षांत माझ्या आवाजावर कोणाची गाडी चुकली नाही. आता दोन लाख लोक हसतात. असो. आवाज गेला, गोष्ट राहिली. गोष्ट तर माझी आहेच.

रविवार, १६ नोव्हेंबर

खाप्याला बहिणीकडे आले. कारण सांगितलं — तब्येत. कोणाची ते सांगितलं नाही.

बुधवार, १९ नोव्हेंबर

आज घरी आले. ह्यांनी तीन दिवस बाहेरून पोहे आणून खाल्लेत, कागद ओट्यावरच पडलेले. मुलाला, अमोलला, विचारलं तर म्हणतो, “मी बाबाले म्हटलं होतं, आईले फोन कर. ते म्हणे, भुताले कोण फोन करते?”

वेदिकानं मुंबईच्या बाईंचा नमुना ऐकवला. भर दुपारी अंगावर काटा आला माझ्या. ती बाई नुसती ‘ये’ म्हणते आणि आपल्या मानेवर गार हात ठेवल्यासारखं होतं. मला वाईट वाटायचं ते वाटलं. पण चांगलं ते चांगलं.

“हिलाच घे,” मी म्हटलं. “माझ्यापेक्षा शंभर पटीनं बरी आहे.”

वेदिकानं नमुना बंद केला. मग म्हणाली, “मले वाटलं होतं तुम्ही रागावून बहिणीकडे गेल्या.”

“रागावूनच गेले होते.”

ती हसली. मीही हसले. मग दोघींनी खालीच बसून जेवण केलं, नेहमीसारखं तिनं ताट वर नेलं नाही. दोन वर्षांत काय काय कष्ट पडले ते सांगत होती. पाण्याचा रंग जमायला चार महिने लागले म्हणे. मी विचारलंच नव्हतं कधी.

शनिवार, २२ नोव्हेंबर

आज एक परीक्षक प्रत्यक्ष घरी आले. आनंदराव. वय चौऱ्याहत्तर. ज्या गावावरून गेम केला, त्याच गावचे पोस्टमन होते, आता कुहीजवळच्या पुनर्वसनात राहतात. मुलीनं आधी फोनवर व्हिडिओ दाखवला, मग गेम लावून दिला, आणि आनंदरावांनी पत्ता शोधून काढला. पत्ता शोधणं हेच आयुष्यभर केलं म्हणाले. सोबत वही होती. वहीत एकोणीस चुका होत्या, क्रमांक टाकून.

“एक. मारुतीचं देऊळ नदीच्या अंगाले नव्हतं, शाळेच्या अंगाले होतं. दोन. विहिरीले रहाट दाखवला. आमच्याकडे रहाट कोणी पाहिला गा? तीन. आमच्या पोहणे मंडळींच्या घरासमोर बाभूळ दाखवली, तिथं कडुलिंब होता. पोहणे बाभूळ पाहतील तर भांडण करतील.”

वेदिका आधी ताठ बसली होती. म्हणाली, “काका, हा गेम आहे. थोडं आमच्या मनाचं असते त्यात.”

“मनाचं असू दे ना, पोरी. पण मी आपल्या घराकडे चालत गेलो अन् घर भेटलंच नाही. मले कसं वाटलं असेल?”

ती उठून वर गेली. मला वाटलं रागावली. तर कागद आणि पेन्सिली घेऊन खाली आली. मग दोन तास दोघं जमिनीवर बसून नकाशा काढत होते. ते घरं सांगत, ती काढी. कुठल्या घरी मनिऑर्डर यायची, कुठल्या घरचं कुत्रं चावायचं, सगळं. हे दुकानातून आले, जेवायचं विसरून तेही बघत बसले.

मी पाटोडीची भाजी वाढत होते तेव्हा आनंदरावांनी विचारलं, भूत कोण बोललं?

“मी.”

त्यांनी घास खाली ठेवला. “आमची साडेचारची गाडी तुम्हीच पुकारत होत्या ना, ताई?”

“हो. फलाट चार.”

“सहा.” त्यांनी वहीकडे पाहिलं, पण लिहिलं नाही. “तुमचा आवाज ऐकला अन् मले वाटलं पिशवी उचलावी. उशीर होईल.”

मी वरण ढवळायला आत गेले. वरण कधीचंच उतरवून ठेवलेलं होतं.

अठरा चुका झाल्यावर त्यांनी वही मिटली. वेदिका म्हणाली, एकोणीसवी राहिली. तर म्हणतात, “ती माझी नाही. जिची आहे ती सांगेल. मी फोन लावून देतो.” आणि चप्पल घालून निघाले.

सोमवार, २४ नोव्हेंबर

मुंबईच्या बाईंना वेदिकानं नको म्हणून कळवलं. मला पायरीवर बसून सांगितलं.

“हा गेम घाबरायचा नाहीच, आई. घरी जायचा आहे. तुमचाच आवाज पाहिजे.”

“आणि ते चार मार्क?”

“राहू द्या चार.”

देऊळ हलवायला घेतलंय तिनं. बाभूळ काढली. मी सकाळपासून गुणगुणते आहे, ह्यांनी दोनदा विचारलं काय झालं म्हणून.

बुधवार, २६ नोव्हेंबर

अकराला आनंदरावांचा फोन. “घ्या, बोला,” म्हणाले आणि फोन कोणाच्या तरी हातात दिला. म्हातारी बाई, खणखणीत आवाज.

“वंदनाबाई काय? मी रंभा बोलून राहिली. मी कधी मेली वं?”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“ट्रकमध्ये नाही बसली हे खरं आहे. मले ट्रकमध्ये उलटी होते. मी लेकीच्या बैलबंडीनं गेली. हे पाण्याचं कोणी सांगितलं तुले?”

शुक्रवारी येते म्हणाली. गेममध्ये आपलं आपण बोलते म्हणाली.

वेदिका वर आहे. अजून तिला काही माहीत नाही. वही ठेवते आणि जिना चढते.