मायचा रिकामा पाळणा

उकंडदादा,

हे पत्र तुले धाडत नाही. धाडलं तं तेबी तू काचंच्या कपाटात ठेवशीन.

माह्या लेकीच्या, मंदाच्या बाळंतपणासाठी मायचा पाळणा मागायले आमी बैलांच्या दमणीत कडबा अंथरून शिरपूरहून वाशीमले आलो. तू तो जुन्या समयांसंगं बैठकीत टांगलेला. "हा आता वापराचा नाही," म्हणे! अन् वहिनीनं पाव्हण्यांले दाखवायले रिकामाच हलवला. घरची लेक पोटुशी असताना रिकामा पाळणा हलवतेत काय? तो रिकामा राहू नये म्हणून मी तुह्या कपाटातला वरवंटा त्यात ठेवला, तं तू माह्यावरच ओरडला, लाकडाले चरे पडतीन!

ठेव तुह्याजवळच. मंदाले पोरगी झाली. मायच्या मागं तिचं फाटकं लुगडं तू जुनं म्हणून फेकलं होतं, ते मी उचललं होतं. त्याच्याच झोळीत पोरगी झोपून राह्यली.

तुही बहीण,
पंचफुला