मधला स्पीकर

बाबा, मी घरासाठी स्पीकर बनवायला घेतलेत. तुम्ही बनवायचात तसेच, थ्री-वे. खाली जाड आवाजाचा वूफर, वर बारीक आवाजाचा ट्वीटर आणि मधे मिडरेंज. वूफर आठवड्याभरात ठरला, ट्वीटर त्याहून लवकर, पण मधल्यापाशी मी चार महिने अडकले. माणसाचा आवाज जवळजवळ सगळा त्याच्यातून येतो, तेव्हा फसवायचं असेल तर तिथेच फसवतील, असं माझं आपलं गणित. इंटरनेटवर ज्याची सगळ्यात जास्त स्तुती दिसली तो मी पहिल्यांदा बाद केला. पाच जणांनी लिहिलं होतं आणि पाचही जणांची भाषा एकाच माणसाची वाटत होती. दुसऱ्याचं लोहचुंबक फोटोत केवढं थोरलं! मागवून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला तर बाहेरून नुसती प्लॅस्टिकची टोपी, आणि वजन दोन हापूस आंब्यांएवढंही नाही. परत पाठवला. तिसऱ्याच्या कागदी पडद्यावर टिचकी मारून ऐकलं, मीटर लावून पाहिला, काही खोट सापडली नाही म्हणून जास्तच संशय आला आणि तोही परत पाठवला. तुमचे जावई, ज्यांना तुम्ही पाहिलंच नाहीत, मला म्हणाले, "पोरीसाठी स्थळ बघितलंस तेव्हा एवढी चौकशी केली नव्हतीस." मी म्हटलं, "तेव्हा माणसं समोर बसली होती. इथे सगळं बंद खोक्यातून येतं." ते हसून मागच्या परड्यात निघून गेले.

हा संशय माझा नाही, तो तुमच्याकडून आलाय, असं मी इतकी वर्षं म्हणत आले. आपल्या घरात नवी वस्तू आली की ती आधी आरोपी असायची. ट्रान्झिस्टरचे सेल, पंख्याचा कपॅसिटर, आईची कुकरची रिंग, सगळ्यांनी आपण खरे असल्याचं तुमच्यापुढे सिद्ध करायचं. आणि त्याचं मूळ म्हणजे लांज्याचे काका. तुमचे जुने दोस्त. हायवेला त्यांचं रेडिओच्या सुट्या भागांचं दुकान होतं, तुम्ही रत्नागिरीत दुरुस्तीची कामं करायचात आणि माल त्यांच्याकडून आणायचात. त्यांनी तुम्हाला डुप्लिकेट मिडरेंज विकले आणि चारचौघांत तुमची फजिती केली, ही आपल्या घरातली पक्की गोष्ट. आई तर शेवटपर्यंत कोणी लबाड भेटला की त्याला "लांज्याचा" म्हणायची. काकांनी तुम्हाला खरंच फसवलं होतं का, एवढंच मला आता तुमच्याशी बोलायचं आहे.

मी दहावीत आहे. पडवीत फणसाच्या फळ्यांचे दोन खोके उताणे पडलेत. देवरूखजवळच्या आपल्या गावी माघी गणपतीला दुपारचं भजन आहे, आणि गावाने पहिल्यांदाच बाहेरच्या मंडपवाल्याला नको म्हणून तुम्हाला आवाजाचं काम दिलंय. काल तुम्ही सगळं वाजवून बघितलंत, खूश होतात. आज मिडरेंजच्या पाठीवर वनस्पती तुपाचे रिकामे डबे बसवायचेत, वूफरच्या हवेचा दणका त्यांना लागू नये म्हणून. आई आतून म्हणते, "झालं, माझे डबेसुद्धा गेले भजनाला!" मी सकाळपासून हे का, ते कशाला, असं विचारून तुमचं डोकं खाल्लंय. शेवटी तुम्ही वैतागता. "सांगितलं तेवढं कर. डब्यांत कापूस भर नि स्क्रू आवळ." आणि चपला घालून निघून जाता. मी डबा उचलते, तर मिडरेंजच्या अधिकच्या टोकाला काळी तार आणि उण्याच्या टोकाला लाल. दुसऱ्या खोक्यातही तसंच. लाल तार अधिकला लावतात, आणि विज्ञानात मला पैकीच्या पैकी मार्क असतात, बाबा. मी सोल्डर गन तापवते आणि चारही तारा सुलट्या करते. दोन्ही खोक्यांत नेमकी तीच चूक कशी झाली, हा प्रश्न मला पडत नाही. तुम्हाला मी सांगत नाही, कारण सांगितलं तेवढंच करायचं होतं.

भजन तुम्हाला आठवत असेल. पखवाज छातीत घुमत होता, झांजा कानात वाजत होत्या आणि बुवा देवळामागच्या विहिरीत उतरून गात असावेत तसे ऐकू येत होते. तुम्ही बटणं फिरवलीत, खोक्याला कान लावलात, माईक बदललात. दुसऱ्या अभंगाला बुवांनी हात वर केला आणि माईकमधूनच विचारलं, "अहो, पखवाज ऐकू येतोय, झांजा ऐकू येतायत. मी कुठे आहे?" सगळा सभामंडप हसला. तुम्ही पण हसलात, पण तुमचे कान लाल झालेले मी पाहिले. गावाने पुढच्या वर्षी पुन्हा मंडपवाल्यालाच बोलावलं.

दुसऱ्या दिवशी खोके देवळातच ठेवून तुम्ही मला घेऊन तडक लांज्याला गेलात. काका गिऱ्हाइकाला वायर मोजून देत होते. तुम्ही बसलासुद्धा नाहीत. "माल बघून देतोस की तोंड बघून? घरी वाजला नि तिथे मान टाकली. डुप्लिकेट दिलास मला." काकांच्या हातातली वायर खाली पडली. "अरे बस तरी. खोका आण इकडे, आपण दोघं उघडून बघू." तुम्ही म्हणालात, "तुझ्या दुकानाची पायरी परत चढणार नाही." तेव्हा मला कसलीही शंका आली नाही, असं मी आत्ता लिहिलं आणि खोडलं. काका 'उघडून बघू' म्हणाले तेव्हा मला त्या चार तारा आठवल्या होत्या. मग तुम्ही माझा हात धरून स्टँडकडे चालू लागलात, आणि तुम्ही इतक्या खात्रीने बोलत होतात की मीही तुमच्याबरोबर खात्रीने रागावले. काकांचा राग करणं फार सोपं होतं.

आता या महिन्यातलं. चौथा मिडरेंज एकदाचा पसंत केला आणि क्रॉसओव्हर जोडायला बसले. कुठला सूर कोणत्या स्पीकरने घ्यायचा याची वाटणी करणारं सर्किट, तुम्ही मला शिकवायचं राहूनच गेलं ते. नकाशात मिडरेंजच्या तारा उलट्या दाखवल्या होत्या. मला वाटलं, छापणाऱ्याने चूक केली. मी सुलट्या जोडल्या. रेडिओ लावला तर बातम्या देणारी बाई शेजारच्या खोलीत बसून वाचत होती. झालं, माझी तळपायाची आग मस्तकात. विकणाऱ्याला मी लांबलचक तक्रार लिहिली, त्यात 'डुप्लिकेट' हा शब्द तीनदा. तुमच्या जावयांनी ती वाचली आणि म्हणाले, "पाठव, पण आधी नकाशात आहे तसं एकदा जोडून तरी बघ." त्यांची खोड मोडावी म्हणून मी जोडलं. बाई उठून आमच्या खोलीत आली, अगदी समोर बसली, तिचा श्वाससुद्धा ऐकू यायला लागला. मग वाचून काढलं. या प्रकारच्या वाटणीत मधला उलटा जोडला तरच त्याची लाट वरच्या-खालच्याशी जुळते, नाहीतर जिथे ते एकमेकांना भेटतात तिथे एकमेकांचा आवाज खाऊन टाकतात. म्हणजे तुम्ही दोन्ही खोक्यांत तारा मुद्दामच उलट्या जोडल्या होत्यात. मी लादीवर बसून राहिले. जावयांना वाटलं, मला आनंद झालाय.

रविवारी लांज्याला गेले. दुकानात आता मोबाइलची कव्हरं लटकतात, मुलगा गल्ल्यावर असतो. काका बाहेर खुर्चीवर बसलेले, खूप थकलेत. मी कोणाची ते सांगितलं तर ताठ बसले. "अगो बाय, तू त्याची पोरगी? ये, बस." मी म्हटलं, "काका, त्या मिडरेंजचं बोलायला आले. तुमचा माल चांगला होता." ते म्हणाले, "ते म्हायत आहे गो मला. तुझा बाबा आला होता ना. पावसाच्या आधी, त्याच वर्षी. तू बसलीस ना, तिथेच बसला. म्हणाला, तुझा माल चोख होता, तारा मीच चुकवल्या. नजर अधू झालेय म्हणाला, दिसलं नाय. मी चहा सांगितला." मग म्हणाले, "डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. सरळ माणूस."

माझा स्वभाव कुठला जातोय? परतीच्या बसमध्ये मी काकांचं बोलणंही तपासायला घेतलं. म्हातारा माझं मन राखायला रचून सांगत असेल. पण तारांचं त्यांना कोण सांगणार? नजरेचं मात्र खोटं, पण ते तुमचं. तुम्ही तर शेवटपर्यंत बिनचष्म्याने रेझिस्टरवरचे बारीक रंगीत पट्टे वाचायचात. म्हणजे तुम्ही डबा उघडलात. माझ्या हातचे सोल्डरचे ओबडधोबड गोळे पाहिलेत आणि ओळखलंत. त्या मे महिन्यात तुम्ही मला स्वतःची सोल्डर गन आणून दिलीत आणि म्हणालात, "दुसऱ्याची चूक दिसली की आधी त्याला विचारावं." मला वाटलं, गिऱ्हाइकांबद्दल सांगताय. बाबा, मी रागावले आहे तुमच्यावर. काकांना सांगितलंत, मग घरी का नाही सांगितलंत? आईने एका भल्या माणसाला मरेपर्यंत लबाड म्हटलं, तुम्ही शेजारी बसून ऐकत होतात. मला वाईट वाटू नये म्हणून ना? त्यापेक्षा एक मुस्काटात दिली असतीत तर चाललं असतं. मी जन्मभर एकेका माणसावर भरवसा ठेवताना दहादा उलटून बघितलं, आणि जिथे एकदा बघायला हवं होतं तिथे बघितलं नाही.

आणि एक, जे मी पानभर टाळत आले. मी लांज्याला सांगायलाच गेले होते. तारा मी बदलल्या, हे वाक्य बसमध्ये घोकून गेले होते. काका "सरळ माणूस" म्हणाले तेव्हा तोंड उघडलंही होतं. मग मी म्हटलं, "हो, होतेच ते तसे," आणि चहा घेतला, त्यांच्या पाया पडले आणि निघाले. तुम्ही माझी चूक स्वतःवर घेतली होतीत, मी ती तुमच्यावरच राहू दिली. काका अजून आहेत, खुर्चीवर बसतात, त्यांना नीट ऐकू येतं. हे पत्र खरं तर त्यांना लिहायला हवं होतं. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही ते वाचणार नाही.