मृत्यूनोंद पावणेदहानंतर

३ जून, मंगळवार

पुन्हा तोच इशारा – "वाचत असताना फाइल बदलली." सकाळी नऊला बॅकअप सुरू होतो, म्हणजे आमच्या जन्म-मृत्यूच्या सगळ्या नोंदींची प्रत दुसऱ्या डिस्कवर जाते. आणि नऊलाच लेखनिक बाई खिडकी उघडून मृत्यू नोंदवायला बसतात. फाइल बदलणारच! त्याने काहीही बिघडत नाही, राहिलेली नोंद दुसऱ्या दिवशीच्या प्रतीत येते. साहेबांना हे मी सातव्यांदा सांगितलं. बॅकअप रात्री घेऊ म्हटलं, तर वीज वाचावी म्हणून मेन स्विच साहेब स्वतःच्या हाताने बंद करून घरी जातात.

४ जून, बुधवार

सॉफ्टवेअर फुकट आहे हेच साहेबांना खुपतंय. बनवतं कोण, त्यांना पगार कोण देतं, विचारलं. कोणी नाही, हौसेने करतात म्हटलं.

"मग हौस म्हणून कोणी लोकांना घाबरवेल का?"

शेवटी बनवणाऱ्यांनाच ईमेल केला.

६ जून, शुक्रवार

बनवणाऱ्यांपैकी एकाचं उत्तर आलं. इशारा निरुपद्रवी, खुशाल दुर्लक्ष करा. साहेबांना ते शिक्क्यासह हवंय. लाजत तसं कळवलं. त्या भल्या माणसाने तासाभरात पत्राचा फोटो पाठवला – खाली गोल शिक्का, बटाटा कोरून मारलेला. साहेबांनी भिंगातून पाहिला. नामंजूर.

९ जून, सोमवार

हुकूम निघाला – बॅकअप चालतो तोवर, म्हणजे नऊ ते पावणेदहा, मृत्यूनोंद बंद. इशारे शून्य. साहेब दिवसभर शीळ घालत होते.

१६ जून, सोमवार

नऊ पाचला एक म्हातारे काका खिडकीशी आले. चष्म्याच्या काचा घासण्याचं काम करायचे. मार्चमध्ये त्यांच्या गल्लीत त्यांच्याच नावाचे दुसरे गृहस्थ वारले आणि आमच्याकडून नोंद पडली यांच्या नावावर. आज अकराला यांचं लग्न! वय चौऱ्याहत्तर. लग्नाच्या कचेरीने सांगितलं, आधी जिवंत होऊन या.

लेखनिक बाईंनी पावणेदहापर्यंत थांबायला सांगितलं.

"बरं," काका म्हणाले. "तोवर मेलेला बसतो."

आणि बाकावर बसले. शेजारी नवरीबाई, पोस्टातून निवृत्त झालेल्या, त्यांची कॉलर नीट करत होत्या. पावणेदहाला काका जिवंत झाले, अकराला लग्न लागलं. आणि चारला आमची मुख्य डिस्क बसली. कायमची.

१७ जून, मंगळवार

कालची नऊची प्रत परत चढवली. अगदी स्वच्छ, एकही इशारा नाही. त्यानंतरच्या नोंदी लेखनिक बाईंनी अर्जांवरून पुन्हा घातल्या. पण दुरुस्तीला माणूस समक्ष लागतो, त्यामुळे काका पुन्हा मेले. म्हणजे आमच्या दप्तरी मार्चमध्ये वारले आणि लग्नाच्या कचेरीत जूनमध्ये लग्न केलं.

१८ जून, बुधवार

माफी मागायला मी काकांच्या घरी गेले. काका इतके हसले की ठसका लागला. बायकोला म्हणाले, "तू सासरी आलीस ती विधवा होऊनच." नवरीबाईंनी त्यांना पाणी दिलं आणि मला बसवून घेतलं. दोघांचे चष्मे एकाच डबीत ठेवलेले होते. दुरुस्तीला कधी येता, विचारलं. येतो सावकाश म्हणाले, आता कुठे घाई आहे.

२३ जून, सोमवार

काका नाही आले. फोन केला तर नवरीबाईंनी उचलला. जरा दम लागतोय, गुरुवारी येऊ म्हणाल्या.

२६ जून, गुरुवार

नवरीबाई आल्या, एकट्याच. नऊ वाजून दहा मिनिटांनी. "दुरुस्ती नको," म्हणाल्या. "तारीख तेवढी बदला. कालची घाला."

लेखनिक बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. मागून साहेब म्हणाले, "लिहा."

एक इशारा आला.