दारात काढलेल्या चपला

कळंबा, कोल्हापूर

प्रिय प्रीती,

फोनवर तुझा आवाज ऐकला की माझा धीर सुटतो, म्हणून लिहिते आहे. तीन कागद फाडून झाले.

परवा चंदगडला तुझ्या आईकडे, शालनमावशीकडे गेले होते. बर्ड फ्लूमुळे गावातल्या सगळ्या कोंबड्या मारल्या, हे तुला माहीत आहे. पुण्यात तुला कुणी सांगितलं नसेल ते हे, की शालनमावशीने बाजारातून आणलेल्या कोंबड्यानेच रोग आणला असं गाव धरून बसलंय. बचत गटातून तिचं नाव काढलं. ती जेवत नाही, भाकरी हातात धरून बसते.

शाळेत असताना मला अंड्याचा वास लागू नये म्हणून तिने वेगळी कढई ठेवली होती. आमच्या जैन घरी तुझा कप वेगळा असायचा, तो कशासाठी हे आपण कधी बोललो नाही. मला त्याची अजून लाज वाटते.

जानेवारीत मी पशुसंवर्धन खात्याच्या कामावर कोल्हापूरजवळच्या एका पोल्ट्रीत मेलेल्या कोंबड्यांचे नमुने घेतले. बूट घालायचा कंटाळा केला, चपलांवरच प्लॅस्टिक चढवलं आणि ते फाटलं. त्यानंतर काही दिवस दुसऱ्या कोंबड्यांजवळ जायचं नसतं. हे मीच लोकांना शिकवते. पण मावशी आंबोळ्या करणार होती, म्हणून त्याच चपलांत तशीच चंदगडला गेले. चपला दारात काढल्या. तिच्या कोंबड्या त्यांच्याभोवती टोचत होत्या आणि मी आत चौथी आंबोळी खात होते.

कोंबड्या मारायच्या दिवशी मी नखशिखान्त पांढऱ्या पोशाखात होते. तरी मावशीने डोळ्यांवरून ओळखलं. "रुचिता, माझ्या हातनं कसं गं झालं ह्ये?" म्हणाली. मला तेव्हाच चपला आठवल्या. मी मास्क वर ओढला आणि पुढच्या खुराड्याकडे वळले.

मग आम्ही विषाणूंची जनुकं वाचायला घेतली. निकाल येईपर्यंत मी णमोकार म्हणत बसले होते. बाजारातले नमुने स्वच्छ निघाले. मावशीच्या कोंबडीतला विषाणू आणि त्या पोल्ट्रीतला विषाणू अक्षरन् अक्षर जुळला. त्या दोन जागांना जोडणारी मी एकटीच आहे गं.

साहेब म्हणाले, 'स्रोत अज्ञात' लिहू, तुझी नोकरी राहील. मी स्रोत म्हणून माझं नाव लिहून सही केली. पण अहवाल फाइलीत जाईल, गावात पोहोचणार नाही. परवा मावशीला सांगायलाच गेले होते, तिने पाणी दिलं, ते पिऊन मी न सांगताच परतले. म्हणून हे पत्र. रविवारी गटाची बैठक आहे. तू गावी जा आणि हे सगळ्यांसमोर मोठ्याने वाच. मी अंगणाबाहेर उभी असेन. मला कुणी आत बोलावलं नाही तरी चालेल, मावशीने तेवढं जेवावं.

अजून स्वतःला तुझीच म्हणवणारी,
रुचिता